शनिवारच्या खोलीबद्दल समाजभवन समितीला खुलं पत्र

आमच्या वस्तीतल्या समाजभवनाच्या समितीचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही, म्हणजे मनावर घाव बसलेली आणि दर शनिवारी इथे एकत्र चित्रं काढणारी माणसं, नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावर आलो तर खोलीला नवं कुलूप होतं. खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं. पूर्वेकडची भिंत मलई रंगाच्या डिस्टेंपरने पोतून काढलेली. कोपऱ्यातलं लोखंडी रॅक गायब, त्यावरचे कागदही गायब. वॉचमनकाका जिन्यात उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "ताई, रद्दीवाल्याले देऊन टाकले. मले जसं सांगतलं तसं केलं." त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही, हे आधीच लिहून ठेवते. उद्या त्यांना कुणी जाब विचारू नये.

दारावर चिकटवलेली समितीची सूचना, म्हणजे यापुढे चित्रं कशी असावीत आणि येणाऱ्यांनी रजिस्टरमध्ये काय लिहावं, ती मी वाचली, फोटो काढून घेतला, घरी येऊन पुन्हा वाचली. त्यानंतर सचिवजींना एक पत्र दिलं, पोच घेतली. चार दिवसांनी दुसरं दिलं, त्याचीही पोच आहे. उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना मी काकाजी, भाऊजी म्हणत याच वस्तीत मोठी झाले. तुमचा अपमान करायचा माझा हेतू नाही, पण जे झालं ते गप्प राहून गिळणं मला जमणार नाही.

मी चित्रकार आहे. अमूर्त चित्रं काढते, म्हणजे ज्यांत झाड, घर, माणूस असं काही ओळखू येत नाही, फक्त रंग, रेषा, पोत असतात. सव्वीस वर्षं हेच करते आहे. पण ही खोली मी चित्रकार म्हणून मागितली नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरात काय चाललं होतं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या या गल्लीतूनच किती जण गेले. त्या रात्री माझा धाकटा भाऊ गाडीच्या मागच्या सीटवर होता आणि गाडी मी चालवत होते. चार ठिकाणी खाट नाही म्हणाले. पाचव्या ठिकाणी मिळाली, तोवर फार उशीर झाला होता. नंतर लोक भेटायला यायचे, मायेने विचारायचे, "कसं झालं गं?" मी सांगायला तोंड उघडायची आणि नाकात सॅनिटायझरचा वास भरायचा. पुढचं वाक्य सापडायचंच नाही. आईला वाटायचं मी मन घट्ट केलंय. मन कसलं घट्ट, मला ती रात्र सांगताच येत नव्हती.

सात महिने मी ब्रशला हात लावला नाही. दिवाळीच्या साफसफाईत चुना मारायचा जुना ब्रश हाती लागला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी काळा रंग जाड थापला आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या पातळ सुरीने, खरवडायला लागले. मला तो रंग नको होता, तो खरवडण्याचा आवाज हवा होता. तासभर खरवडलं. कागद दोन ठिकाणी फाटला. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी सलग पाच तास झोपले. मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही गेले, वर्षभर गोळ्या घेतल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण चित्र काढलं की औषध नको असं मी कधी म्हटलेलं नाही आणि शनिवारी येणाऱ्या कुणालाही म्हणू दिलेलं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षजींनी मला खोलीची चावी दिली. पहिल्या शनिवारी आम्ही सहा जण होतो. आता तेवीस आहोत. सामान साधंच. इतवारीतून आणलेले पावडर रंग, गेरू, फेविकॉल, खाकी कागदाचे रोल, भिंती रंगवायचे दोन-तीन इंची ब्रश, काही जुने चमचे आणि कंगवे. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, म्हणून प्रत्येक ऋतूत फेविकॉल-पाण्याचं माप वेगळं असतं. नियम तीन. 'हे काय आहे' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. कुणाच्या कागदाला चांगला किंवा वाईट म्हणायचं नाही. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाही वाटलं तर गप्प बसायचं. महिन्यातून एकदा एक समुपदेशक येतात आणि कोपऱ्यात बसतात. ज्याला त्यांच्याशी बोलायचं असेल तो जातो. कुणाची तब्येत आमच्या आवाक्याबाहेरची वाटली तर आम्ही त्याला डॉक्टरांकडे घेऊन जातो. आजवर पाच जणांना घेऊन गेलो. टेली मानसचा १४४१६ हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी सरकारची ही बिनपैशाची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते. डिस्टेंपरखाली तो नंबरही गेला.

आता तिथे येणाऱ्या तिघांबद्दल लिहिते. तिघांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं गाळून.

एक ताई काटोलकडच्या. संत्र्याची बाग होती. एका वर्षी फळगळ झाली, पुढच्या वर्षी कर्ज फिटेना, आणि एका सकाळी त्यांचे यजमान बागेतून परत आले नाहीत. ताई मुलांना घेऊन इथे भावाकडे आल्या. खोलीत आल्या तेव्हा त्यांनी रंगांच्या डब्यांपैकी नारिंगी डबा उचलला आणि खिडकीबाहेर, कठड्यावर नेऊन ठेवला. कुणी काही म्हटलं नाही. पुढचे आठ महिने दर शनिवारी आम्ही तो डबा त्या येण्याआधीच कठड्यावर ठेवत असू. मग एकदा त्यांनी स्वतःच तो आत आणला. आधी अख्ख्या कागदावर नारिंगी लावला, त्यावर काळा, त्यावर राखाडी, आणि कंगव्याने ओढून ठेवलं. राखाडीतून केसासारख्या बारीक नारिंगी रेषा दिसत होत्या. तो कागद त्यांनी घरी नेला नाही. म्हणाल्या, "घरी लेकरं विचारतील. इथंच राहू द्या." तो रॅकवर वरून तिसरा होता.

दुसऱ्या एक परिचारिका आहेत. २०२१ मध्ये त्या कोविड वॉर्डात होत्या. त्या फक्त राखाडी चौकोन काढतात. एकाच मापाचे, एकाखाली एक, ओळीत. पाच महिने त्यांनी दुसरं काही काढलं नाही. ते चौकोन किती होते हे त्यांना ठाऊक असणार. आम्ही मोजले नाहीत.

तिसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाकाजी. त्यांच्या गाडीला घाटात अपघात झाला होता, त्याला आता पंधरा वर्षं झाली. ब्रश त्यांच्या हातात कापायचा, म्हणून ते बसून राहायचे. एकदा घरून तिकिटाला भोकं पाडायचा जुना पंच घेऊन आले. बाकीचे रंग लावत होते, हे एकेक कागद घेऊन भोकं पाडत होते. टिक, टिक, टिक. अख्खा गडद निळा कागद भोकांनी भरला तेव्हा त्यांनी तो खिडकीला लावला. बाहेरच्या उन्हाने भोकाभोकातून खोलीत ठिपके पडले, आमच्या कपड्यांवर, फरशीवर. काकाजी बराच वेळ बघत राहिले. मग पहिल्यांदाच त्या दिवसाबद्दल बोलले, अगदी थोडं. कोण कुठल्या सीटवर बसलं होतं, तेवढंच. त्यांचे असे अकरा कागद होते. तुमच्या माणसाने ते 'फाटके कागद' म्हणून रद्दीत टाकले. त्याला कसं कळणार? पण तुम्ही मला एक फोन केला असता तर कळलं असतं.

सूचनेत म्हटलंय की यापुढे खोलीत काढली जाणारी चित्रं 'सर्वसामान्यांना समजतील अशी व सकारात्मक' असावीत. या एका ओळीवर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण बाकीच्या तक्रारींच्या मुळाशी हीच ओळ आहे.

ज्याच्यावर आघात झालेला असतो त्याची अडचण ही असते की घडलेलं त्याच्याकडे गोष्टीच्या रूपात नसतंच. तुकडे असतात. वास, आवाज, हाताला लागलेला गारठा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा लोकांच्या मेंदूचं स्कॅन केलं होतं. त्यांना त्यांचा स्वतःचाच अनुभव ऐकवला, तेव्हा मेंदूतल्या बोलण्याशी निगडित भागाचं काम मंदावलेलं दिसलं. मी डॉक्टर नाही, याहून जास्त दावा करणार नाही. पण गाडीतल्या त्या रात्रीबद्दल माझं वाक्य का सापडत नव्हतं, हे मला ते वाचल्यावर जरा उमगलं. जे शब्दांत येत नाही त्याला 'समजेल असं काढ' म्हणणं म्हणजे पुन्हा तीच गोष्ट मागणं. अमूर्त चित्र ती मागत नाही. काटोलच्या ताईंना झाड काढायला सांगितलं असतं तर त्यांना तेच झाड काढावं लागलं असतं. कंगव्याने रंग ओढताना त्या झाडाच्या जवळ गेल्या आणि झाड न काढता परतल्या. कुठवर जायचं हे त्यांच्या हातात राहिलं. आपल्या हातात काही राहिलं नव्हतं, ही अशा माणसाची मुख्य जखम असते. म्हणून कुठे थांबायचं हे त्यानेच ठरवणं फार महत्त्वाचं.

आणि 'सकारात्मक'बद्दल. आपण नागपूरकर आहोत. तान्ह्या पोळ्याला आपल्या शहरात काय होतं? काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापीडेचे मोठे बाईच्या रूपातले पुतळे, निघतात, मागे बडगे, म्हणजे पुरुषरूपातले पुतळे, निघतात. हजारो लोक रस्त्यावर येऊन ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" एकोणिसाव्या शतकापासून हे चालत आलंय. वर्षभर जे साचलं त्याला या शहराने एक रूप दिलं, ते मुद्दाम अक्राळविक्राळ ठेवलं, गावभर फिरवलं आणि वेशीबाहेर नेऊन जाळलं. मारबतीला हसरा चेहरा द्या असं आजवर कुणी म्हटलं नाही. लहानपणी तुमच्याच खांद्यावर बसून मी ती मिरवणूक पाहिली आहे, अध्यक्षजी. शनिवारच्या खोलीत आम्ही तेच करतो, फक्त आवाज न करता.

अमूर्त चित्र म्हणजे परदेशी खूळ, असंही समितीच्या बैठकीत कुणी म्हणाल्याचं कानावर आलं. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये याच नागपुरात जन्मले. आपल्या चित्रांना ते अमूर्तही म्हणू देत नसत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठल्याही वस्तूचं नसलेलं चित्र. रोलरने आणि नाइफने रंगाचे थर चढवायचे, उचलायचे, पुन्हा चढवायचे. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि काही वर्षं मोठे कॅनव्हास करणं शक्य होईना, तेव्हा ते कागदावर शाईने लहान चित्रं करत राहिले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ नागपूरच्या कलाशाळेत शिकले. त्यांच्या चित्रांतला तो प्रसिद्ध बिंदू मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या त्यांच्या लहानपणीच्या शाळेतून आलाय. मुलाचं लक्ष सैरभैर होतं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बस म्हणाले. अस्वस्थ पोराला शांत करायला भिंतीवर काढलेला ठिपका! तो 'समजेल असा' होता का, हे त्या मास्तरांना कुणी विचारलं नसेल.

दुखऱ्या मनासाठी चित्रकला हीही कालपरवाची गोष्ट नाही. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार क्षयाने आजारी होते, सॅनेटोरियममध्ये पडून चित्रं काढत राहिले, मग शेजारच्या रुग्णांना काढायला लावली आणि १९४२ मध्ये या कामाला 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने नाझींच्या तेरेझीन छावणीत कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवली. १९४४ मध्ये फ्रीडलना आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसांत भरून ठेवली होती, म्हणून ती वाचली. त्या काळाशी मी आपली तुलना मुळीच करत नाही. पण त्या सुटकेसांबद्दल वाचल्यापासून मी एकही कागद टाकलेला नव्हता. गेल्या शनिवारी गेले ते तीनशेच्या वर कागद होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला आणि आजार टाळण्यात व सावरण्यात कलांचा उपयोग होतो असं नोंदवलं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मनाला येईल ते घडवायला दिलं, तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं. आधी चित्रकला येत होती की नाही याने फरक पडला नाही. ३९ हा आकडा लहान आहे, हे मला कळतं. पण 'ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांनी कशाला काढावं' या तुमच्या प्रश्नाला हे थोडं उत्तर आहे.

आणि गरज किती आहे? बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे साधारण दहा-अकरा जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. त्यांतल्या निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. एका समाजभवनाची एक खोली यात कितीशी पुरणार? पण तेवीस माणसांना पुरत होती.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार भिंतीची. ती आम्ही मागच्या समितीच्या परवानगीने रंगवली होती. एका वेळी एकाने एक हात मारायचा, मग दुसऱ्याने त्याच्यावर, असं वर्षभर चाललं होतं. तुम्हाला ती मळकी वाटली असेल. मालकी भवनाची आहे, पोतायचा अधिकारही तुमचा आहे, पण आठ दिवस आधी सांगितलं असतं तर आम्ही निदान तिचा फोटो काढला असता, तिच्यासमोर एक शनिवार बसलो असतो. ज्यांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शन मिळालं नाही अशी माणसं त्या खोलीत येतात. त्यांना पुन्हा एकदा न सांगता काही नेलं गेलं, हे तुमच्या लक्षात आलं नसेल, म्हणून सांगते.

दुसरी कागदांची. वर लिहिलंच आहे. ते भवनाचे नव्हते.

तिसरी तक्रार सगळ्यांत गंभीर. सूचनेत म्हटलंय की येणाऱ्या प्रत्येकाने फाटकावरच्या रजिस्टरमध्ये नाव, पत्ता आणि 'आजाराचे स्वरूप' लिहावं. अध्यक्षजी, ते रजिस्टर टेबलावर उघडं असतं. लग्नाला आलेला, तेरवीला आलेला, पाण्याचा जार टाकायला आलेला कुणीही ते वाचू शकतो. या वस्तीत मुलीचं लग्न जमवताना काय काय विचारलं जातं, तुम्हाला माहीत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो मुख्यतः उपचार करणाऱ्यांना बांधतो, समाजभवनाच्या समितीला कदाचित नाही. पण डॉक्टरांनाही जे उघड करायला मनाई आहे ते वॉचमनच्या टेबलावर लिहून घ्यायचं? सूचना लागल्यापासून सात जणांनी मला कळवलंय की आता ते येणार नाहीत. त्यांत एक अठरा वर्षांचा मुलगा आहे. तो किती मुश्किलीने जिना चढून यायला लागला होता ते मला माहीत आहे. त्याचा फोन आता बंद लागतो. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आले, तो सुखरूप आहे, पण खोलीबाहेर येत नाही.

चौथी तक्रार भाड्याची. शनिवारी दुपारचा हॉलचा पूर्ण दर लावला आहे. भवनाचा खर्च लग्नं, बारशी, तेरव्या यांवर चालतो, लाइटचं बिल वाढलंय, गच्ची गळते, हे सगळं मान्य. आम्ही फुकट मागत नाही. आजवर दर महिन्याला वर्गणी काढून बिलाचा वाटा दिलेला आहे, पावत्या माझ्याकडे आहेत. पण हॉलच्या दराने ती खोली आम्हाला परवडणार नाही. वरची खोली शनिवारी एरवी रिकामीच असते, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्याकडूनही चुका झाल्या. दोनदा फरशीवर गेरू सांडला आणि नीट पुसला गेला नाही. एकदा नळ सुरू राहिला. एकदा एका ताईंना मोठ्याने रडू फुटलं आणि खाली साखरपुडा चालू होता. त्या घरच्यांची मी तेव्हाच माफी मागितली, तुमचीही मागते.

मागण्या अशा आहेत.

शनिवारी तीन ते साडेपाच खोली पूर्वीसारखी मिळावी. बिलाचा वाटा वाढवून द्यायला आम्ही तयार आहोत. बसून आकडा ठरवू.

रजिस्टरमधला 'आजाराचे स्वरूप' हा रकाना काढून टाकावा. सुरक्षेसाठी नोंद हवी असेल तर 'शनिवार गट' एवढं आणि आलेल्यांची संख्या मी स्वतः लिहून सही करीन. ज्यांनी या आठवड्यात माहिती लिहिली आहे, ती पानं फाडून त्यांच्या हातात द्यावीत. तीन जणांनी घाबरून लिहिली आहे.

कोणती चित्रं काढायची याबद्दल कुठलीही अट नसावी. ती खाली हॉलमध्ये किंवा जिन्यात लावायचा आमचा आग्रह नाही. कपाटात राहतील.

रद्दीचं नेमकं काय झालं ते कळवावं. रद्दीवाल्याकडे मी गेले होते. तो म्हणाला, माल पुढे गेला, पण काही गठ्ठे अजून गोदामात असतील. समितीचा एक माणूस सोबत आला तर तो गोदाम उघडून दाखवायला तयार आहे. एक कागद सापडला तरी चालेल. काटोलच्या ताईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या लेकरांच्या परीक्षेमुळे दोन शनिवार आल्या नव्हत्या.

टेली मानसचा नंबर पुन्हा लिहू द्यावा. दाराच्या आतल्या बाजूला, पूर्वीच्याच जागी. रंग आमचा.

आणि तुमच्यापैकी कुणीही एकाने एकदा येऊन बसावं. तपासायला नाही. एक कागद घ्यावा, एक ब्रश घ्यावा. अध्यक्षजी, काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही संध्याकाळी भवनाच्या पायरीवर एकटे बसलेले असता ते मी येता-जाता बघते. याबद्दल इथे चारचौघांत लिहावं की नाही, मी खूप विचार केला. काल तुमच्या सूनबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "लिहा ताई, त्यांना कुणी बोलावतच नाही." तुम्ही आलात तर तुम्हालाही कुणी काही विचारणार नाही.

येत्या शनिवारी तीन वाजता आम्ही दाराशी असू. जे येतील ते. चावी वॉचमनकाकांकडे ठेवलीत तरी चालेल, आणि नाही ठेवलीत तर आम्ही जिन्यात बसू, तिथे उजेड बरा असतो. कागद मी घेऊन येते.

आपली,
शनिवारच्या खोलीतली एक चित्रकार
नागपूर